साखर पेठेतले आठ

चिलवेरी मालकांच्या कारखान्यात, ऑफिसच्या काचेमागे
चार फुटी टाकी होती, तिच्यात आठ पिरान्हा.
वर लाल रंगानं लिहिलेलं : हात घालू नये.
खाली कुणीतरी कोळशानं : पगारासाठीही.

मी कांड्या भरायचो तेव्हा. वय तेरा.
नरसप्पा जॉबर सांगायचा, कुठल्याशा मुलखात
चहा गार व्हायच्या आत अख्खी गाय हाडांवर आली.
नदी जाळ्यांनी अडवून
मासे आधी कितीक दिवस उपाशी ठेवले होते म्हणे,
बड्या पाहुण्याला तमाशा दाखवायचा म्हणून.
तेवढं नरसप्पानं सांगितलं नाही.
त्यालाही कुणी सांगितलं नसेल.

सुट्टीच्या दिवशी माग बंद, टाकी धुणं माझ्याकडे.
पहिल्यांदा बाही वर सारली
तेव्हा बोटं मोजून घेतली.
हात पाण्यात गेला
आणि आठही जण पंपामागच्या कोपऱ्यात
एकमेकांत शिरले,
जसे आम्ही पोरं शिरायचो
सरकारी साहेब आल्यावर
सुताच्या गाठोड्यांमागे.

माग थांबले की टाकीतलं ऐकू यायचं.
समोरासमोर आले दोघे, की भुंकल्यासारखं काही,
मग ठोका, बारीक, हलगीच्या कडेवर बोट मारावं तसा.
बरीचशी भांडणं तेवढ्यावरच भागायची.
कधी शेपटाचा लचका जायचा. महिन्याभरात भरून यायचा.
साधू होते असं मी म्हणत नाही.
एकदा तळाशी दात सापडले, एका बाजूचे सगळे,
एकात एक अडकलेले, कात्रीच्या पात्यासारखे.
काडेपेटीत ठेवून महिनाभर मिरवले.
ज्याचे पडले तो दुसऱ्या बाजूनं
भोपळ्याच्या बिया फोडत होता.

मे महिन्यात एका रात्री लाइट गेली, पंप थांबला.
सकाळी सहा जणांचं पोट वर.

उरल्या दोघांचे कल्ले मी घड्याळ लावून मोजले.
आठांत होते तेव्हा सावकाश हलायचे,
आता नुसती धाप.
झुंड शिकारीसाठी असते असं मी धरून चाललो होतो.
सोळा डोळ्यांनी जे बघायचं
ते आता चार डोळ्यांवर आलं होतं.

मालक तिरुपतीला गेले, ऑफिसची किल्ली घेऊन.
नऊ दिवसांनी दार उघडलं.
बाहेर चव्वेचाळीस. टाकीत वीतभर पाणी, हिरवं.
एकाची शेपूट नव्हती.
दुसरा त्याच्या अंगाला अंग लावून उभा होता.

त्याच आठवड्यात नळ सहाव्या दिवशीही कोरडा.
कन्ना चौकात टँकर आला म्हणून अक्का धावली.
मी घरी पोचलो तर तिच्या मनगटावर
दातांची महिरप, वर सहा, खाली चार.
कुणी?
अक्का घागर पुसत राहिली.
गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं कुणी.
त्याच बाईनं रविवारी वाटीभर शेंगाचटणी पाठवलेली,
वाटी अजून आमच्याच फळीवर होती.

त्या घागरीतलं अर्धं पाणी
अक्काचा डोळा लागल्यावर मी बादलीत घेतलं,
कारखान्यात नेऊन टाकीत ओतलं.
बिया टाकल्या. दोघे पंपामागेच.
पाठ फिरवली,
तेव्हा मागं खुट्ट झालं. मग पुन्हा एकदा.

सकाळी अक्कानं वाटी धुतली.
रिकामी कशी परत करायची,
म्हणून डबा खरवडून तिच्यात साखर घातली.
पट्टी बांधलेल्या हातानं पुढं करत म्हणाली,
जा, देऊन ये. आणि विचार,
तिला पाणी मिळालं का.